फ आणि स यांच्या मध्ये

केंडलच्या दवाखान्यात, दुसऱ्या मजल्यावर,
मंगळवारी आयझॅक बर्केट येतो.
टोपी मांडीवर. बोटांना लोकरीच्या मेणाचा वास.
मार्चमध्ये मानेतली गाठ काढली,
गाठीबरोबर आवाजही गेला.

मी नाकातून नळी सरकवते. तो डोळे मिटतो.
पडद्यावर दोन पांढुरक्या पट्ट्या,
अंगठ्याच्या नखाएवढ्या.
उजवी मिटायला मध्यापर्यंत येते.
डावी जागची हलत नाही.
अर्धवट लोटलेल्या दारातून वारा जावा
तसा त्याचा श्वास निघून जातो,
शब्द न होता.

"तार तुटली का?"
तार नव्हतीच कधी, मी म्हणते.
तिथं कुणी काही छेडत नाही.
दोन ओलसर काठ, मिटलेले,
खालून श्वास धडक देतो, ते उघडतात,
वारा निसटला की पुन्हा एकमेकांकडे ओढले जातात.
तुमच्यात सेकंदाला शंभरदा.
माझ्यात दोनशे.
कोकरात किती, मी कधी मोजलं नाही.

आणि त्यांना हलवणारा तंतू?
डावीकडचा तर मानेतून सरळ खाली जातो,
घसा वाटेत लागतो, तरी थांबत नाही.
छातीत उतरून
हृदयावरच्या मोठ्या धमनीला वळसा घालतो
मग पुन्हा वर.
जिराफातही हेच: वीतभर अंतरासाठी
अख्खी मान दोनदा.
बर्केट हसतो, म्हणजे नुसते खांदे हलतात.
"हा रस्ता," तो कुजबुजतो, "कौन्सिलनंच आखला असणार."

डोंगरावर त्याचं अडत नाही.
शिट्टीला पट्ट्या लागत नाहीत,
जीभ आणि ओठ पुरतात.
एक लांब शिट्टी: डावीकडून जा.
दोन तुटक: बस खाली.
कुत्री ऐकते, मेंढ्या फाटकातून आत येतात.
मग ती येऊन समोर बसते
आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहते.

फ्लॉस तिचं नाव.
कुजबुजीत त्यातला फ उरतो, स उरतो.
दोन तीर. मधे पाणी नाही.

चिपळूणच्या शाळेत नेनेबाईंनी
आम्हाला गळ्यावर बोट ठेवायला लावलं होतं.
म्हणा क्. काही नाही.
म्हणा ग्. बोटाखाली भुंगा.
त्, द्. प्, ब्.
पंचेचाळीस पोरी, पंचेचाळीस भुंगे,
आणि बाई म्हणाल्या, याला घोष म्हणतात.
परीक्षेत दोन मार्कांना आला.
तोच दोन मार्कांचा प्रश्न घेऊन
मी वीस वर्षं या गावात पोट भरते आहे.
त्याचं खरखरीत बोट मी त्याच्याच गळ्यावर ठेवते.
ग्.
तो मान हलवतो. नाही.

एप्रिलमध्ये डॉक्टरांनी डाव्या पट्टीत जेल भरलं,
तिला ढकलून मध्याशी आणली.
हलत नाही ती, पण आता
उजवीला टेकायला कुणी आहे.

मेंढी व्याल्यावर कशी बोलते, मी विचारलं.
भलताच प्रश्न, हे त्याच्या भुवयांनी सांगितलं.
तोंड उघडत नाही ती, त्यानं लिहिलं,
ओल्या पिल्लावर वाकून आतल्या आत घुमते.
मग तसंच करा.
म्हणून मे महिनाभर, बंद खोलीत,
सत्तरीचा एक माणूस ओठ मिटून
बाळंतिणीसारखा घुमत बसला.
कधी नुसती हवा. कधी फाटकाच्या बिजागरीसारखं काही.
एकदा मलाही हसू आलं. त्यानं पाहिलं. मी माफी मागितली.

या मंगळवारी तो गेल्यावर मी खिडकीशी उभी होते.
खाली पार्किंगमध्ये लँड रोव्हर,
मागच्या काचेला नाक लावून फ्लॉस.
तो दार उघडत नाही. टोपी काढतो.
बोट गळ्यावर.
दुहेरी काच. मला काही ऐकू येत नाही.

तिचे कान मात्र
एकदम उभे.